फिल्म कॅमेरा हाताने चालवताना: पहिल्या रोलची तयारी आणि मीटरची भाषा

हा लेख ३५ मिलिमीटर फिल्म वापरणाऱ्या आणि सर्व नियंत्रणे हाताने फिरवावी लागणाऱ्या एसएलआर (लेन्समधून जे दिसते तेच पाहून चित्र घेता येते अशा) कॅमेऱ्याविषयी आहे. १९७६ ते १९९७ या काळात तयार होत राहिलेला पेंटॅक्स के-१००० हा या प्रकारातला सर्वांत परिचित कॅमेरा. निकॉनचे एफएम-२ आणि एफएम-१० हेही त्याच पठडीतले. यांचे शटर, म्हणजे फिल्मवर उजेड पडू देणारा पडदा, स्प्रिंगच्या ताणावर चालते, त्यामुळे बॅटरी संपली तरी छायाचित्र घेता येते. बॅटरी लागते ती केवळ आतल्या लाइट मीटरला, म्हणजे उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला. घरातल्या कपाटातून निघालेला किंवा जुन्या वस्तूंच्या बाजारातून घेतलेला कॅमेरा याच प्रकारचा आहे ना, हे आधी पाहून घ्यावे, कारण दिसायला बराचसा सारखा असलेला कॅननचा एई-१ बॅटरीशिवाय शटर उघडतच नाही.

नियंत्रणे मोजकीच आहेत: आयएसओची (फिल्मच्या संवेदनशीलतेच्या आकड्याची) तबकडी, शटरच्या गतीची तबकडी, लेन्सवरचे अ‍ॅपर्चरचे (लेन्समधल्या छिद्राचे) आणि फोकसचे अशी दोन कडी, फिल्म पुढे ओढणारा लिव्हर आणि ती परत गुंडाळणारी मूठ. ही सगळी कशी फिरतात हे एका दुपारी समजते. वेळ लागतो तो मीटरची सुई जे सांगते ते नेमके कशाविषयी सांगते आहे, हे ओळखायला. पांढऱ्याशुभ्र इगर्जी (चर्च), काळ्या पाषाणाचे देऊळ, चकाकणारे नदीचे पाणी आणि माडांखालची दाट सावली हे सारे गोव्यात एकाच दिवसाच्या फेरफटक्यात समोर येते, आणि या चारही ठिकाणी सुईचे म्हणणे जसेच्या तसे मानले तर चारही चित्रे बिघडण्याचा संभव असतो. म्हणून येथे इतर गोष्टी थोडक्यात आणि मीटर सविस्तर घेतला आहे.

रोल भरण्यापूर्वीचा सराव

कॅमेरा रिकामा असतानाच त्याचे मागचे दार उघडावे. बहुतेक कॅमेऱ्यांत डावीकडची रिवाइंडची मूठ वर ओढली की दार सुटते. आता लिव्हर शेवटपर्यंत ओढून शटरची तबकडी १ वर ठेवावी, अ‍ॅपर्चरचे कडे सर्वांत लहान आकड्यावर, म्हणजे एफ २ वर न्यावे, आणि मागून पाहत बटण दाबावे. एक सेकंदभर पडदा उघडलेला दिसेल आणि लेन्समधून उजेडाचे मोठे वर्तुळ दिसेल. तोच प्रयोग एफ १६ वर केला की वर्तुळ अगदी टिकलीएवढे होते. अ‍ॅपर्चरचा आकडा वाढतो तेव्हा छिद्र लहान होते, ही नवशिक्यांना उलटी वाटणारी गोष्ट या प्रयोगानंतर पाठ करावी लागत नाही. तबकडी बी वर ठेवली तर बटण दाबून धरलेले असेपर्यंत शटर उघडे राहते. हे करताना पडद्याला बोट लावू नये. के-१००० चा पडदा कापडी असतो, एफएम-२ चा पातळ धातूच्या पात्यांचा, आणि दोन्ही नाजूक असतात.

याच वेळी कॅमेऱ्याची तब्येतही कळते. एक सेकंदाची गती अडखळत असेल, तर आतले तेल घट्ट झाले आहे असे समजून दुरुस्ती होईपर्यंत मंद गती वापरू नयेत. दाराच्या खाचेतला काळा स्पंज आपल्याकडच्या दमट हवेत चिकट होऊन विरतो, आणि मग तिथून आत शिरलेला उजेड फिल्मवर तांबूस-पिवळसर पट्टे उमटवतो. असा स्पंज बदलून घ्यावा. लेन्स विजेरीसमोर धरून आत कोळिष्टकासारखे धागे दिसतात का, हेही पाहावे. ती बुरशी असते, आणि गोव्यातल्या चार पावसाळी महिन्यांत बंद पेटीत राहिलेल्या लेन्सला ती हमखास लागते. थोडी बुरशी असली तरी चित्र येते, मात्र उजेडासमोर ते फिके पडते.

मीटरसाठी के-१००० ला एक आणि एफएम-२ ला दोन एलआर-४४ बॅटऱ्या लागतात. के-१००० ला मीटर बंद करण्याचा खटकाच नाही. लेन्सवर झाकण लावणे हाच तो बंद ठेवण्याचा मार्ग आहे. एफएम-२ मध्ये लिव्हर किंचित बाहेर ओढून बटण हलकेच दाबले की मीटर सुरू होतो, आणि थोड्या वेळाने आपोआप बंद होतो.

रोल भरणे

पहिल्या रोलसाठी आयएसओ २०० किंवा ४०० ची रंगीत निगेटिव्ह फिल्म घ्यावी. कृष्णधवलच हवी असल्यास इल्फर्ड एचपी-५ प्लसही चांगली. स्लाइड फिल्म (जिच्यावर निगेटिव्हऐवजी थेट खऱ्या रंगांचे चित्र उमटते) पहिल्या रोलसाठी घेऊ नये, कारण तिच्यावर अर्ध्या स्टॉपची (उजेड निम्मा किंवा दुप्पट होणे म्हणजे एक स्टॉप) चूकही डोळ्यांवर येते, तर रंगीत निगेटिव्ह दोन स्टॉप जास्तीचा उजेडही मुकाट्याने सोसते. कमी उजेड मात्र तिलाही सोसत नाही, हे लक्षात ठेवावे. फिल्म फ्रिजमध्ये ठेवलेली असेल, तर बंद डबीसह ती तासभर बाहेर ठेवून मगच उघडावी; नाहीतर दमट हवेतले पाणी थंड फिल्मवर धरते.

सावलीत उभे राहून दार उघडावे, डबी डावीकडच्या खोबणीत बसवून मूठ खाली दाबावी, आणि फिल्मचे निमुळते टोक उजवीकडच्या गुंडाळीच्या चिरेत खोचावे. आता लिव्हर एकदा ओढावा आणि फिल्मच्या दोन्ही कडांची भोके दात्यांवर नीट बसली आहेत याची खात्री झाल्यावरच दार लावावे. त्यानंतर रिवाइंडची मूठ बाणाच्या दिशेने हलक्या हाताने, किंचित अडेपर्यंत फिरवून फिल्ममधला सैलपणा काढावा. यापुढे दोन वेळा लिव्हर ओढून बटण दाबावे आणि प्रत्येक वेळी डावीकडची मूठ आपोआप उलटी फिरते आहे का, हे पाहावे. मूठ फिरत असेल तर फिल्म पुढे सरकते आहे. फिरत नसेल तर टोक चिरेतून निसटले आहे. छायाचित्रांचा आकडा दाखवणारा काटा मात्र फिल्म नसतानाही पुढे जातो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नये. छत्तीस चित्रे घेऊन झाल्यावर कोरी फिल्म हाती येण्याचे कारण जवळजवळ नेहमी हेच असते.

लगेच आयएसओची तबकडी लावावी. ती शटरच्या तबकडीतच असते. बाहेरचे कडे वर उचलून फिरवले की खिडकीतला आकडा बदलतो. डबीवर चंदेरी आणि काळे चौकोन असतात ते वाचण्याची सोय या कॅमेऱ्यांत नाही, त्यामुळे मागचा रोल ४०० चा आणि हा २०० चा असेल तर मीटर मुकाट्याने ४०० धरूनच चालत राहतो.

अ‍ॅपर्चर आणि शटर

अ‍ॅपर्चरच्या कड्यावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे असतात आणि प्रत्येक पुढच्या आकड्याला उजेड निम्मा होतो. शटरच्या तबकडीवरचे ६०, १२५, २५०, ५०० हे सेकंदाचे अंश आहेत, आणि तिथेही प्रत्येक घराला उजेड निम्मा किंवा दुप्पट होतो. या एका घराच्या फरकाला स्टॉप म्हणतात. एफ ८ ला १/२५०, एफ ११ ला १/१२५ आणि एफ ५.६ ला १/५०० या तिन्ही जोड्यांनी फिल्मवर सारखाच उजेड पडतो. वेगळे होते ते चित्राचे रूप. म्हणून आधी या दोहोंपैकी महत्त्वाचे काय ते ठरवावे आणि दुसरे नियंत्रण त्याच्या मागून फिरवावे.

हलणारी वस्तू असेल तर शटर आधी. उभ्या माणसाला १/१२५ पुरते; शिगम्यातल्या रोमटामेळात (ढोल-ताशांच्या नाचत्या मिरवणुकीत) उड्या घेणाऱ्यांचे पाय स्पष्ट हवे असतील तर १/५०० च्या खाली जाऊ नये. ५० मिलिमीटरची लेन्स हातात धरून १/६० पेक्षा मंद गती टाळावी. मांडवीवरच्या फेरीबोटीत उभे असाल तर १/२५० ही किमान मर्यादा धरावी आणि कठड्यावर कोपर टेकू नये, कारण इंजिनाची थरथर कठड्यातून थेट कॅमेऱ्यात येते. आधारासाठी टेकावे तिथेच हा आधार घात करतो.

फोकसची खोली महत्त्वाची असेल तर अ‍ॅपर्चर आधी. ५० मिलिमीटरच्या लेन्सने एफ २ ला दोन मीटरवरच्या चेहऱ्यावर फोकस केला, तर सुमारे २० सेंटिमीटरची पट्टीच स्पष्ट येते. तीच लेन्स एफ १६ ला आणि पाच मीटरवर ठेवली, तर साधारण अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळे स्पष्ट दिसते. लेन्सवर फोकसच्या खुणेच्या दोन्ही बाजूंना छापलेल्या जोडरेषा हाच हिशेब दाखवतात, आणि पणजीतल्या फोंताइन्हाश या जुन्या वस्तीच्या अरुंद गल्लीत, जिथे दोन मीटरवरची खिडकी आणि टोकाचा जिना दोन्ही हवे असतात, तिथे त्या रेषा पाहूनच फोकस लावावा.

मीटर

व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावून पाहायच्या खिडकीत, उजवीकडे के-१००० ची सुई दिसते. ती मधल्या खाचेत आडवी आली की मीटरच्या मते उजेड योग्य, वर गेली की जास्त, खाली गेली की कमी. एफएम-२ मध्ये सुईऐवजी अधिक, शून्य आणि उणे ही चिन्हे उजळतात. शटर किंवा अ‍ॅपर्चर फिरवून सुई मध्यावर आणणे एवढेच शिकवले जाते, आणि तिथेच बहुतेकांचे शिक्षण थांबते.

मीटर उजेड मोजतो तो समोरच्या वस्तूवरून परतलेला. ती वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. त्यामुळे जे समोर येईल ते मध्यम राखाडी आहे असे धरूनच तो उत्तर देतो. पणजीच्या इगर्जीच्या पांढऱ्या दर्शनी भिंतीने चौकट भरली, तर मीटर तिला राखाडी करू पाहतो, म्हणजे कमी उजेड सुचवतो. आयएसओ २०० ची फिल्म असेल आणि भिंतीवर स्वच्छ ऊन असेल, तर योग्य जोडी १/२५० आणि एफ १६ च्या आसपास असते. मीटर मात्र १/५०० किंवा त्याहून कमी उजेडाचा आग्रह धरतो. अशा वेळी सुई मध्यावर आणून मग एक ते दोन स्टॉप अधिक उजेड द्यावा, म्हणजे सुई वर गेलेली दिसली तरी तशीच राहू द्यावी.

तांबडी सुर्ल येथील कदंबकालीन महादेव मंदिरासमोर उलटे घडते. बाराव्या शतकातले हे देऊळ काळ्या पाषाणाचे आहे, आणि जवळून मोजल्यास मीटर त्या पाषाणालाही राखाडी करायला निघतो. येथे एक स्टॉप कमी करावा, म्हणजे दगड दगडासारखा काळा राहतो. रंगीत निगेटिव्हवर हा स्टॉप कमी केला नाही तरी फारसे बिघडत नाही, आणि शंका असेल तर कमी न करणेच बरे. पण भोवतालच्या झाडीतून उन्हाचे तुकडे देवळावर पडले असतील तर ते भाग पार पांढरे होतात.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे वस्तूवर न मोजता तिच्याच उजेडात असलेल्या मध्यम छटेवर मोजणे. आपल्याकडे ती सोय पावलोपावली आहे: चिऱ्याचा गडगा, उन्हातले हिरवे गवत, किंवा जुन्या गोव्यात बासिलिकेची गिलावा नसलेली चिऱ्याची भिंत. त्यावर कॅमेरा रोखून चौकट पूर्ण भरावी, सुई मध्यावर आणावी, आणि मग मूळ दृश्याकडे वळून, सुईने कितीही आक्षेप घेतला तरी तबकड्या न हलवता बटण दाबावे. हाताने चालवायच्या कॅमेऱ्याचा मोठा फायदा हाच आहे की एकदा लावलेले आकडे तो स्वतःहून बदलत नाही. जवळ काहीच नसेल तर आपला तळहात त्या उजेडात धरून मोजावा. तळहात मध्यम छटेपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, म्हणून मिळालेल्या उत्तरापेक्षा एक स्टॉप अधिक उजेड द्यावा.

माडाच्या सावलीत बसलेला माणूस आणि त्याच्या मागे उन्हातला समुद्र, हे समुद्रकिनाऱ्यावरचे नेहमीचे दृश्य आहे आणि नेहमीच फसणारेही. मीटर समुद्राला मान देतो आणि चेहरा काळवंडतो. तिथे जवळ जाऊन फक्त चेहऱ्याने चौकट भरून मोजावे आणि मग मागे यावे. समुद्र पांढरट होईल, पण दोन्ही एकाच फिल्मवर मिळणार नाहीत हे मान्य करूनच निवड करावी लागते. मिरामारला सूर्यास्त घेताना मात्र सूर्य चौकटीबाहेर ठेवून त्याच्या बाजूच्या आभाळावर मोजावे, म्हणजे रंग राहतात आणि पुढची माणसे काळ्या आकृती होतात. लेन्समधून थेट सूर्याकडे पाहू नये, आणि उन्हात झाकण काढलेला कॅमेरा सूर्याकडे तोंड करून ठेवूही नये; के-१००० च्या कापडी पडद्याला त्याने भोक पडू शकते.

जुन्या कॅमेऱ्याचा मीटर मुळात खरे बोलतो का, याची परीक्षा सोपी आहे. पावसाळ्यानंतरच्या निरभ्र दिवशी, दुपारच्या सुमारास, सूर्य पाठीमागे ठेवून उन्हातल्या गवतावर मोजावे. शटर आयएसओच्या आकड्याजवळच्या गतीवर, म्हणजे १०० ला १/१२५, २०० ला १/२५०, ४०० ला १/५०० असे ठेवले की मीटरने एफ १६ च्या आसपास उत्तर द्यायला हवे. एका स्टॉपचा स्थिर फरक येत असेल तर आयएसओच्या तबकडीवर तेवढी दुरुस्ती करून काम चालते. फरक दर वेळी वेगळा येत असेल तर मीटर दुर्लक्षून याच नियमाने चालावे. उन्हाला एफ १६, पातळ ढगांना एफ ११, ढगाळ आभाळाला एफ ८, जुलैतल्या दाट आभाळाला किंवा मोकळ्या सावलीला एफ ५.६ हा क्रम बॅटरी नसतानाही उपयोगी पडतो.

फोकस

एफएम-२ च्या व्ह्यूफाइंडरमध्ये मधोमध एक आडवे दुभागलेले वर्तुळ असते. त्यात उभी रेषा तुटलेली दिसते आणि फोकस जमला की ती जुळते. म्हणून मंगेशीच्या दीपस्तंभाची कड, दाराची चौकट, माडाचा खोड असे काहीतरी उभे शोधावे. के-१००० मध्ये तिथे बारीक दाणेदार वर्तुळ असते, आणि फोकस नसेल तर ते थरथरल्यासारखे दिसते. चेहरा घेताना फोकस डोळ्यावर लावावा आणि त्यानंतर पुढे-मागे झुकू नये.

घरात आणि रात्री

चतुर्थीला माटोळीखालचा (फळा-फुलांनी सजवलेल्या टांगत्या चौकटीखालचा) गणपती घ्यायचा असेल तर आयएसओ ४०० ची फिल्म, एफ २ आणि १/३० ते १/६० यापासून सुरुवात करावी, भिंतीला किंवा खांबाला पाठ टेकावी, श्वास सोडून मग बटण हळू दाबावे. मोजताना उघडा दिवा किंवा दिव्यांची माळ चौकटीत येऊ देऊ नये, नाहीतर मीटर दिव्यांनाच पाहतो. दिवाळीच्या आदल्या रात्रीच्या नरकासुराच्या मिरवणुकीलाही हेच आकडे चालतात, फक्त आकृती झोतात असली तर एखादा स्टॉप कमी होतो. फ्लॅश लावला तर के-१००० वर १/६० पेक्षा जलद गती घेऊ नये. घेतल्यास चित्राचा एक भाग काळा राहतो. मांडवीवरच्या पुलांचे दिवे नदीकाठावरून घ्यायचे असतील तर तिपाई, केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता बटण दाबणारी तार) आणि बी ही जोडणी लागते: एफ ८ ला आठ सेकंदांपासून सुरुवात करून सोळा आणि बत्तीस असे दुप्पट करत जावे, कारण इतक्या लांब वेळेत फिल्मची संवेदनशीलता घटते आणि मीटरही इतक्या खाली मोजत नाही.

रोल काढणे

लिव्हर अडला की रोल संपला असे समजावे आणि जोर लावू नये; जोराने भोके फाटतात आणि फिल्म आत अडकते. कॅमेऱ्याच्या तळाचे छोटे बटण दाबावे, डावीकडची मूठ उलगडून बाणाच्या दिशेने फिरवावी. फिल्म सुटली की हाताला एकदम हलके वाटते, त्यानंतरही दोन-तीन वेढे देऊन टोक डबीत जाऊ द्यावे, म्हणजे हाच रोल नवा समजून पुन्हा भरला जात नाही. दार त्यानंतरच उघडावे. फिल्म धुवायला देण्यात आठवडे काढू नयेत. उष्ण आणि दमट हवेत उमटलेले पण अजून न धुतलेले चित्र फिके होत जाते. कॅमेरा बराच काळ ठेवायचा असल्यास शटर सुटलेले असावे, बॅटरी काढलेली असावी, आणि पावसाळ्यात तो चामडी पिशवीऐवजी सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात असावा.

निगेटिव्ह मात्र परत मागून घ्यावीत, कारण चूक कुठे झाली हे स्कॅनवरून कळत नाही. स्कॅन करणारा उजेड सावरून देतो. निगेटिव्ह खिडकीसमोर धरावी. सावलीचे भाग पूर्ण पारदर्शक, तपशिलाविना असतील तर उजेड कमी पडला. सगळेच दाट असेल तर जास्त पडला. चित्रे पातळ पण कडेचे छापील आकडे ठळक असतील तर दोष आपल्या मोजण्यात आहे, आणि आकडेही फिके असतील तर धुण्यात. आकडे ठळक आणि चित्रे एकही नाहीत, तर फिल्म पुढे सरकलीच नव्हती. पातळ चित्रे केवळ पांढऱ्या भिंतींची आणि समुद्राची असतील तर मीटरचा भाग पुन्हा वाचावा. साधी, मध्यम छटेची दृश्येसुद्धा पातळ आली असतील तर पुढच्या ४०० च्या रोलला तबकडी २०० वर ठेवून सुरुवात करावी.